अक्कलदाढ आणि निरोपाचा गोळा

पासष्ट पुरी व्हायला तीन आठवडे उरले असताना टॉर्गनी ब्रूलीनला अक्कलदाढ काढून घ्यायची वेळ आली, आणि आमच्या अल्मेरीद गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणजे नव्वदीचा यालमार. त्याने तर जाहीरच करून टाकलं, की इतकी वर्षं जपून ठेवलेली अक्कल टॉर्गनी नेमकी पेन्शनीच्या तोंडावर काढून टाकतोय, तेव्हा पुढे तिची गरज पडणार नाही असा त्याचा हिशेब असावा. टॉर्गनी हसला नाही. एक तर गाल सुजला होता, आणि दुसरं म्हणजे तो भलत्याच काळजीत होता.

टॉर्गनी काच फुंकायचा. पंधराव्या वर्षी तो भट्टीवर आला, तेव्हापासून पन्नास वर्षं हेच. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा लाल गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकातून फुंकर घालायची आणि फिरवत फिरवत त्याचा वाडगा करायचा. वाडगे करावेत तर टॉर्गनीने, असं सगळे मानत. सुताराला जसे हात, तसे त्याला गाल. त्यांच्या बाबतीत तो इतका हळवा होता की थंडीत सगळे कान झाकत तेव्हा हा गालांवरून मफलर गुंडाळायचा. दाढ गेली तीन वर्षं कुरकुरत होती. दुखण्याला तो भ्याला नव्हता. कोणीतरी तोंडात हत्यार घालणार आणि मग गालांचा भरवसा राहणार नाही, याला भ्याला होता. म्हणून त्याने टाळलं, पुन्हा टाळलं, आणि शेवटी ऑक्टोबरात तोंड उघडेना तेव्हा मुकाट्याने बसमध्ये बसला आणि शहरातल्या दवाखान्यात गेला.

आता काळजी कसली ते सांगतो. आमच्या कारखान्यात भट्टीच्या बाजूला चहाकॉफीची खोली आहे, आणि त्या खोलीत भट्टीकडच्या खिडकीवर एक फळी आहे. फुंकणारा माणूस नोकरीतून मोकळा होतो, त्या दिवशी शेवटचं काम म्हणून तो एक गोळा फुंकतो. साधा, मोसंब्याएवढा, बिनरंगाचा. एका दमात फुंकायचा, तोंड जागच्या जागी काचेच्या थेंबाने बंद करायचं आणि खाली नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचा. त्याला निरोपाचा गोळा म्हणतात. माणूस जातो, पण त्याचा एक श्वास आत कोंडलेला राहतो. फळीवर एकोणीस गोळे होते. टॉर्गनीच्या आजोबांचा तिसरा, बापाचा अकरावा. पन्नास वर्षं टॉर्गनी त्या गोळ्यांखाली बसून कॉफी प्यायला होता, आणि विसाव्या जागेकडे बघत आला होता. लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. बहीण एलीन घर सांभाळायची, ती दोन वर्षांपूर्वी गेली. आपण इथे होतो याची खूण म्हणून त्याला जे काय ठेवायचं होतं ते एवढंच, बापाच्या रांगेत एक गोळा.

नियम सोपा आणि कडक. शेवटचा दिवस, एक गोळा, एक दम. टॉर्गनीचा शेवटचा दिवस होता शुक्रवार, सत्तावीस नोव्हेंबर. साल सत्याऐंशी. दाढ काढायची ठरली सोमवारी, नऊ तारखेला.

डॉक्टरीणबाई पोलंडच्या. झोफिया व्रोना त्यांचं नाव. बुटक्या, हाताला जोर असलेल्या, बोलण्यात काटकसर करणाऱ्या. टॉर्गनीने खुर्चीत बसण्याआधीच विचारून घेतलं, सत्तावीस तारखेला फुंकता येईल ना. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दाढ खालची, डावीकडची, आडवी निजलेली. म्हणाल्या, हिरडी कापावी लागेल, हाड थोडं कोरावं लागेल, मग टाके. नीट भरून आलं तर दोन आठवड्यांत हलकं फुंकायला हरकत नाही.

"आणि नीट नाही भरलं तर?"

"तर नाही," बाई म्हणाल्या.

टॉर्गनीने बोटांवर मोजलं. अठरा दिवस होते. चार दिवस वरकड. तो खुर्चीत टेकला.

तिथे त्याचं डोकं धरायला जी नर्स उभी होती तिला पाहून मात्र तो चमकला. मायकेन रीद. सिक्स्टनची पोर. आता सत्तेचाळिशीची बाई, पांढऱ्या कोटात. पण लहानपणी हीच मायकेन बापाची कॉफीची किटली घेऊन दुपारी भट्टीवर यायची, आणि टॉर्गनीला टॉर्गनीकाका म्हणायची. सिक्स्टन रीद टॉर्गनीचा गुरू. फुंकणी कशी धरायची, दम कुठून काढायचा, केव्हा थांबायचं, हे सगळं त्याने शिकवलेलं. एकावन्न सालच्या मार्चमध्ये सिक्स्टन कामाच्या बाकावरच कोसळला, वय एकोणसाठ. टॉर्गनीनेच त्याला खांद्याखाली हात घालून बाहेर नेलं. मायकेन तेव्हा अकरा वर्षांची. त्यानंतर तिच्या आईने गाव सोडलं आणि ही पोर परत कधी कारखान्यात पाऊल टाकायला आली नाही. फळीवर सिक्स्टनचा गोळा नाही. शेवटचा दिवस ठाऊक नसला तर गोळा फुंकणार कधी?

"घाबरू नकोस टॉर्गनीकाका," ती म्हणाली. "डोकं माझ्याकडे दे आणि तू आपला श्वास घेत राहा. तो तुला चांगला येतो."

पाऊण तास लागला. दाढ तीन तुकड्यांत निघाली. तीन टाके पडले, काळ्या दोऱ्याचे. मायकेनने सगळा वेळ त्याचा जबडा तळहातावर पेलून धरला होता, आणि नंतर टॉर्गनी सगळ्यांना सांगत असे की त्या पाऊण तासातलं दुसरं काही त्याच्या लक्षात नाही, तेवढा तळहात आहे.

मग बाईंनी सूचनांचा कागद दिला आणि वर तोंडीही समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच खरी पट्टी. ती जागेवर राहिली तर खालून नवं मांस भरतं, हिरडी जुळते, जखम मिटते. ती निघाली की हाड उघडं पडतं, आणि मग जे दुखतं त्याचं वर्णन त्या करणार नव्हत्या. तेव्हा नळीने काही ओढायचं नाही, थुंकायचं नाही, फुंकायचं नाही, विडी नाही. खाणं मऊ. पिणं कोमट. कॉफी गरम तर बिलकुल नाही.

"कळलं?"

टॉर्गनीने मान हलवली. हुकूम पाळण्यात त्याच्यासारखा माणूस नाही. कारखान्यात पन्नास वर्षांत एकदाही उशीर न झालेला इसम तो.

संध्याकाळी सहाला त्याच्या घरी फोन वाजला. एलीन गेल्यापासून संध्याकाळी सहाला त्या घरात काही वाजलं नव्हतं, म्हणून त्याला आधी उठायलाच वेळ लागला. फोनवर मायकेन. दाढ काढलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या संध्याकाळी फोन करायचा, ही तिची स्वतःची रीत. दवाखान्याने सांगितलेली नव्हे. रक्त थांबलं का, ताप आहे का, काय खाल्लं, उशी उंच घेतलीस का. टॉर्गनीला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं की हो असेल तर एकदा टिचकी मार, नाही असेल तर दोनदा. अशा टिचक्यांवर त्यांचं पाच मिनिटं बोलणं झालं. इतरांना ती एकदाच करायची. टॉर्गनीला दुसऱ्या दिवशीही केला, तिसऱ्याही. म्हणाली, तुझ्या घरात विचारणारं कोणी नाही, मग मी विचारते. तिसऱ्या दिवसापासून टॉर्गनी पावणेसहालाच फोनजवळ खुर्ची ओढून बसू लागला, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पण त्याचा दिवाणखाना रस्त्यावरून दिसतो.

सूज उतरत होती. दुखणं आटोक्यात होतं. ब्लूबेरीचं सार, कुस्करलेले बटाटे, दुधातली भाताची पेज असं सगळं कागदाप्रमाणे चाललं होतं.

आणि शुक्रवारी सकाळी तो कळवळून उठला. दुखणं कानात शिरलं होतं, कानशिलात शिरलं होतं, खालच्या सगळ्या दातांतून चालत होतं. तोंडाला घाण चव. बसने दवाखाना गाठला. बाईंनी आरसा घालून पाहिलं आणि ओठ आवळले. दोन टाके सुटले होते. गुठळी नाही. तळाशी पांढरं हाड.

बाईंनी खड्डा धुतला, लवंगेच्या तेलात भिजवलेला बोळा भरला. दहा मिनिटांत दुखणं असं उतरलं की टॉर्गनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या खोलीत लवंगेचा, म्हणजे आमच्याकडे नाताळचा वास सुटला होता. बाईंनी विचारलं, नळीने काही प्यालात? नाही. विडी? आयुष्यात नाही. थुंकलात? नाही. मग गुपचूप फुंकून पाहिलंत का, खरं सांगा. टॉर्गनी दुखावला. फुंकण्यासाठीच तर तो सगळं पाळत होता.

रविवारी पुन्हा दुखू लागलं. सोमवारी पुन्हा बोळा. बुधवारी पुन्हा. दर वेळी बोळा अर्धा निघालेला, खड्डा तसाच कोरडा. बाई हट्टी होत्या, पण आता त्यांनाही कळेना. बुधवारी त्या म्हणाल्या, अहो, तुमच्या तोंडात कोणीतरी ओढतंय. सत्तावीस तारीख नऊ दिवसांवर आली होती. त्याने त्या संध्याकाळी फोनवर मायकेनला पहिल्यांदा सरळ विचारलं की गोळा राहतोय का माझा. ती म्हणाली, शनिवारी मी तुझ्याकडे येते, सार घेऊन.

शनिवारी दुपारी ती आली. डब्यात सार, वर मऊ पाव. आता घरी पाहुणा आला आणि कॉफी ठेवली नाही असं आमच्याकडे जबडा तुटला तरी होत नाही. टॉर्गनीने कॉफी केली. बशा मांडल्या. तिला कपात दिली. स्वतःची मात्र आईच्या खोलगट बशीत ओतली आणि गार व्हायला ठेवून दिली. मायकेन बघत होती. त्याने डब्यातून साखरेचा खडा घेतला, पुढच्या दातांत पकडला, बशी दोन्ही हातांनी उचलली, आणि डोळे मिटून ती कॉफी खड्यातून सुर्र करून ओढली. लांब, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. त्याची आई अशीच प्यायची. मायकेनचा बापही.

बशी खाली ठेवून त्याने डोळे उघडले, तर मायकेन कप हातात धरून तशीच बसलेली.

"टॉर्गनीकाका, हे किती वेळा करतोस?"

"काय?"

"हे. बशी."

"दिवसातून चार-पाचदा. एरवी मी कपानेच पितो. पण बाई म्हणाल्या ना, गरम नको. मग आईची बशी काढली. बशीत लगेच गार होते." आणि जरा अभिमानाने म्हणाला, "एकदाही गरम प्यायलो नाही."

मायकेनने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टॉर्गनीला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली. नळीने ओढत नाहीस ना असं दर वेळी विचारलं, म्हणाली, आणि खड्यातून ओढतोस ते विचारलं नाही. पोलंडच्या बाईंना ठाऊक असायचं कारण नाही. पण मला होतं. माझे बाबा दर रविवारी असंच पीत, मी टेबलाखाली बसून तो आवाज ऐकत असे. मीच विचारायला हवं होतं, चुकले मी.

टॉर्गनीला तोपर्यंत काय झालं ते कळलं. इतका आज्ञाधारक मूर्ख आपणच, असं त्याला वाटलं, आणि आठ दिवसांचं ते भयंकर दुखणं त्याने स्वतःच रोज चार वेळा बशीत वाढून घेतलं होतं. पण समोर ही पोर रडत होती. त्याला बायकांचं रडणं पाहायची सवय नव्हती. एलीन कधी रडली नाही. तो उठला, साखरेचा डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आला आणि म्हणाला, "तू आलीस म्हणून कळलं. फोनवर बशी दिसत नाही."

मग तिने त्याला चमच्याने कॉफी प्यायला शिकवलं. पासष्ट वर्षांच्या माणसाला. तो म्हणाला, औषधासारखी लागते. ती म्हणाली, औषधच आहे.

खडा सुटला आणि तीन दिवसांत दुखणं गेलं. मायकेन सहाला फोन करी आणि पहिला प्रश्न एकच असे, चमचा? तो टिचकी मारी, बोलता येत असूनही. गुरुवारी, सव्वीस तारखेला, बाईंनी आरसा घातला आणि पहिल्यांदा हसल्या. खड्ड्याच्या तळाशी गुलाबी, दाणेदार मांस धरलं होतं. हाड झाकलं गेलं होतं. त्यांनी आरसा फिरवून त्यालाही दाखवलं. टॉर्गनी बराच वेळ बघत राहिला. आयुष्यभर तो गोष्टी बनवत आला होता, पण हे त्याने काही न करता बनत होतं, रात्रंदिवस, तो झोपलेला असतानाही. त्याला एकदम फार बरं वाटलं. बाईंचा हात धरून तो म्हणाला, "उपकार आहेत तुमचे." पोलंडच्या बाई लाजल्या आणि हातमोजे काढायला वळल्या.

मग त्याने उद्याचं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे मांस आता साईएवढं आहे. तुम्ही जोर लावलात तर फाटेल, आणि या वेळी हाडात जंतू जातील. नाताळानंतर बघू."

नाताळानंतर तो कारखान्याचा माणूस नसणार होता.

शुक्रवारी दुपारी तीनला सगळे भट्टीपाशी जमले. निरोपाच्या गोळ्याला गाव येतं. जुने लोक बाकांवर, यालमार मधोमध काठीवर हनुवटी टेकून. केशराचे पाव, कॉफी. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आणि मायकेन. छत्तीस वर्षांनी. ती दाराशीच उभी राहिली होती. मग हळूहळू आत आली आणि बापाच्या बाकापाशी जाऊन थांबली. बाक तोच. लाकूड मधे खोलगट झालेलं. तिने त्यावर हात ठेवला आणि मग वर बघितलं, खिडकीतून फळी दिसते तिकडे. एकोणीस गोळे. ती नावं वाचत होती. टॉर्गनीने ते पाहिलं.

त्याने फुंकणी घेतली, भट्टीत बुडवली, काच गोळा केली. हात नेहमीसारखे चालले. लोखंडी पाटावर घोळवली, फिरवत बाकावर आला. आणि मग फुंकणीचं टोक ओठांशी नेलं. बाईंना काय सांगायचं ते नंतर, असं त्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं. एकच तर दम. पन्नास वर्षं दिली, एक दम देणार नाही का ही हिरडी?

मायकेनने आपला तळहात आपल्याच डाव्या गालाखाली धरला, जसा त्या दिवशी पाऊण तास त्याच्या जबड्याखाली धरला होता. तिला आपण असं करतोय हे ठाऊकही नसावं.

टॉर्गनीने फुंकणी ओठांवरून काढली. काच निवत चालली होती. त्याने ती पुन्हा भट्टीत धरली आणि पाठमोराच म्हणाला, "मायकेन, इकडे ये."

ती आली.

"गुडघ्यांवर बस. टोकाशी. मी इथे बसून फिरवतो, हात माझे. दम तुझा."

"मला येत नाही."

"तुझ्या बापाने मला शिकवलं तेच तुला सांगतो. पोटातून घे. आधी एक जोराची फुंकर, मग थांब, पण श्वास सोडू नकोस. मी सांगेन तेव्हा हळूच, सारावर फुंकर घालतात तशी."

बाकांवर कुजबुज सुरू झाली. मॅनेजर पुढे येऊन म्हणाला की टॉर्गनी, नियम तर असा आहे, ज्याचा शेवटचा दिवस त्याचा श्वास. आणि बाहेरच्या माणसाचा... सगळ्यांनी यालमारकडे पाहिलं. फळी यालमारच्या बापाने ठोकलेली, नियमही त्याचाच. यालमारने काठीवरची हनुवटी उचलली.

"शेवटचा दिवस, एक गोळा, एक दम," तो म्हणाला. "दम कोणाचा ते माझ्या बापाने सांगितलं नव्हतं. आणि ही बाहेरची नाही. सिक्स्टनची आहे. काच गार करू नका, काम करा."

टॉर्गनी काच घेऊन बाकावर बसला. मायकेन पांढऱ्या केसांवरचा रुमाल मागे सारून गुडघ्यांवर बसली आणि टोक ओठांत घेतलं. तो म्हणाला, आता. तिने फुंकलं. काही झालं नाही. तिचा चेहरा लाल झाला. तो फिरवत होता, फिरवत होता, आणि काचेच्या पोटात वाटाण्याएवढा एक बुडबुडा उमटला. थांब, तो म्हणाला. ती थांबली, डोळे विस्फारून, श्वास धरून. आता हळूच. बुडबुडा वाढला. लिंबाएवढा झाला. अजून. मोसंब्याएवढा झाला. एका बाजूला थोडा जास्तच फुगला, त्याने ओल्या लाकडी पळीने त्याला बराचसा सावरला, सगळा नाही सावरला. बस, तो म्हणाला, आणि तिने टोक सोडून मोठ्याने श्वास घेतला. त्याने एक टोला देऊन गोळा सोडवला आणि काचेच्या थेंबाने तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी निवल्यावर गोळा फळीवर गेला, विसावा. चिठ्ठीवर टॉर्गनीने स्वतः लिहिलं, सिक्स्टन रीद. खाली बारीक अक्षरात, श्वास मायकेनचा. स्वतःचं नाव घातलं नाही. मॅनेजर म्हणाला तेवढं तरी घाल. टॉर्गनी म्हणाला, जागा एकच आहे.

जखम फेब्रुवारीत पुरती मिटली. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि सांगितलं की आता काय हवं ते फुंका. मॅनेजरने तर निरोपही धाडला की एखाद्या दिवशी ये, तुझ्यासाठी नियम थोडा वाकवू. टॉर्गनीने आभार मानून नाही म्हणून कळवलं. दवाखान्याच्या सूचनांच्या कागदावर मात्र तेव्हापासून एक ओळ वाढली आहे, साखरेच्या खड्यातून कॉफी ओढू नये. शहरातले तरुण ती वाचून हसतात. अल्मेरीदचे हसत नाहीत.

जखम मिटली म्हणजे फोन संपला, असं टॉर्गनी मनाशी धरून चालला होता. त्या संध्याकाळी तो सहाला फोनजवळ बसला नाही, स्वयंपाकघरात जाऊन बसला. सहाला फोन वाजला. मायकेन म्हणाली, जखमेचं झालं, आता जेवलास का ते सांग.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती येते. दोघं कारखान्याच्या खोलीत जातात, फळीखाली बसतात, यालमार असतोच. ती बापाच्या गोळ्यावरची धूळ स्वतः पुसते, आणि त्याच्या वाकड्या बाजूला बोट लावून बघते. टॉर्गनी बशीत कॉफी ओततो, खडा दातांत धरतो, आणि आता मनसोक्त आवाज करतो. मायकेन डोळे मिटून ऐकते.

असंच एका शनिवारी यालमारने काठी वर करून फळी दाखवली.

"आज्याचा आहे, बापाचा आहे. तुझा श्वास तेवढा राहिला रे टॉर्गनी."

टॉर्गनीने बशी खाली ठेवली आणि मायकेनकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला अजून लागतोय."